इतिहासाच्या पुस्तकातून लढाईचा डाव



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी कामगार कायद्यांवर किंवा संघटनेच्या प्रश्नांवर बोलेन. गेली तीस वर्षे मी तेच काम करीत आलो आहे. पण मी त्यांना म्हटले, "त्या विषयावर मला केव्हाही बोलवा. या खेपेस मला माझ्या एका छंदाविषयी बोलू द्या." तो छंद असा: इतिहासात घडलेली एखादी लढाई पुस्तकांतून अभ्यासावयाची आणि तिच्यावरून चारपाच जणांना टेबलावर खेळता येईल असा डाव मांडावयाचा. इंग्रजीत याला वॉरगेम म्हणतात. आपण त्याला युद्धखेळ म्हणू. पन्नाशी उलटलेल्या माणसाने हा काय पोरखेळ आरंभिला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझी विनंती एवढीच की, निकाल शेवटी द्यावा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नववीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगरवाचनालयात, रद्दीच्या दुकानात आणि शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा इतिहासाचा पंडित म्हणून मी येथे उभा नाही. पुस्तकाला प्रश्न विचारण्याची एक रीत मला या खेळामुळे सापडली, ती आपल्यापुढे ठेवावी एवढाच हेतू आहे.

बुद्धिबळ आणि युद्धखेळ

युद्धाचा खेळ आपल्याला नवा नाही. चतुरंग हा आपल्याच देशातला. हत्ती, घोडे आणि प्यादी घेऊन आपण शतकानुशतके लढत आलो. पण बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजू सारख्या असतात, दोघांनाही सगळा पट दिसतो आणि घोड्याला अडीच घरे जा म्हटले की तो जातोच. खऱ्या लढाईत यातले काहीच नसते. दोन्ही सैन्ये सारखी नसतात, टेकडीपलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि हुकूम सुटला तरी तो पोहोचेल, कळेल आणि पाळला जाईल याची खात्री नसते.

ही उणीव प्रशियातल्या एका बापलेकांनी भरून काढली. राइसविट्झ हे त्यांचे आडनाव. वडिलांनी १८१२ साली आपला खेळ प्रशियाच्या राजाला दाखविला. मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने १८२४ साली सुधारलेले नियम छापून प्रसिद्ध केले. नकाशा खऱ्या जमिनीचा, प्रमाण एकास आठ हजार. प्रत्येक खेळी दोन मिनिटांची. नुकसान ठरविण्यासाठी फासे. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे मध्ये बसलेला पंच. खेळणाऱ्याने आपला हुकूम लिहून पंचाला द्यावयाचा, आणि त्या सेनापतीला त्या क्षणी जे दिसले असते तेवढेच पंचाने त्याला सांगावयाचे. प्रशियाच्या सेनेचे प्रमुख अधिकारी म्युफ्लिंग यांनी हा खेळ पाहिला आणि तो सैन्याच्या शिक्षणासाठी घेण्याची शिफारस केली. पुढे एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली खेळण्यांतल्या शिपायांचे नियम पुस्तकरूपाने दिले. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स याने १९५४ मध्ये पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचा तयार खेळ विक्रीला आणला. सैन्याच्या शाळेतला खेळ असा लोकांच्या घरात आला.

असे खेळ छापील मिळतात. पण मला त्याहून गोडी आहे ती स्वतः डाव मांडण्याची, कारण तो मांडताना पुस्तक खऱ्या अर्थाने वाचावे लागते. आपण मराठी माणसे आहोत आणि लढाई आपल्या भूमीवरची आहे, म्हणून उदाहरण घेतो ते असईचे.

असई, २३ सप्टेंबर १८०३

असई हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला, तो शिंदे आणि भोसले यांना मान्य नव्हता. पुढच्या पावसाळ्यात युद्ध पेटले. इंग्रजांच्या दक्षिणेतील फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय ३४. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा मुख्य अधिकारी पोलमन, मूळचा हॅनोव्हरचा. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ही फौज उतरली होती.

घडले ते थोडक्यात असे. वेलस्ली आणि त्याचा सहकारी स्टीव्हन्सन यांनी दोन वाटांनी येऊन २४ तारखेला मिळून हल्ला करावा असे ठरले होते. २३ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास वेलस्ली नळणीजवळ पोहोचला. तेथे धान्याचे तांडे नेणाऱ्या बंजाऱ्यांकडून कळले की, शत्रू दूर भोकरदनला नसून अगदी जवळ आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने त्याच दिवशी हल्ला केला. नदीचा उतार शोधून तो पूर्वेच्या बाजूने पलीकडे गेला. पोलमनने आपली दक्षिणेकडे तोंड केलेली रांग पूर्वेकडे वळविली. तोफांच्या भयंकर माऱ्यात इंग्रजी पलटणी पुढे सरकल्या, संध्याकाळपर्यंत मराठ्यांचे पायदळ जुईपलीकडे हटले आणि ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. इंग्रजांकडील मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४.

परीक्षेत उत्तर लिहावयास एवढे पुरेसे आहे. डाव मांडावयास मात्र अगदी अपुरे आहे. कसे ते पाहू.

पहिला प्रश्न: डाव कोठे सुरू करावयाचा?

नवशिका माणूस सबंध युद्ध मांडावयास जातो आणि महिन्याभरात कंटाळतो. माझेही तसेच झाले. मग माझ्या ध्यानात आले की, डाव निर्णयापाशी सुरू झाला पाहिजे. पुस्तक हाती घेऊन पान पान पाहावे आणि विचारावे: येथे कोणापुढे दोन वाटा होत्या? असईच्या हकिकतीत ती जागा स्पष्ट आहे. नळणी, सकाळचे अकरा. पलटणी चौदा मैल चालून आल्या आहेत. थांबावे तर उद्या स्टीव्हन्सन येऊन मिळेल, पण शत्रू निघून जाईल किंवा आपल्या तळावर धाड घालील. लढावे तर एकट्याने. डाव येथे सुरू होतो आणि संध्याकाळी सहाला संपतो.

दुसरा प्रश्न: जमीन आणि वेळ

आता नकाशा. मी संघटनेच्या कचेरीतल्या लांब टेबलावर खडूने नकाशा काढतो आणि पलटणींच्या जागी कोटाची बटणे ठेवतो. नकाशावर चौकोनी घरे पाडली. एक घर म्हणजे २०० मीटर, एक खेळी म्हणजे १५ मिनिटे. रांगेत चालणारे पायदळ ओढेनाले ओलांडीत, मधून मधून रांग सरळ करीत एका खेळीत तीन घरे जाईल. घोडदळ सातआठ घरे जाईल. त्या काळच्या तोफेचा भरीव गोळा आठशे ते हजार मीटरपर्यंत चांगला काम करी, म्हणजे पाच घरे. छर्रे भरलेल्या डब्यांचा मारा त्याहून पुष्कळ जवळचा, पण कापणी करणारा. बंदूक शंभर मीटरपलीकडे फारशी कामाची नाही, म्हणजे जवळजवळ अंगाला भिडल्यावरच.

आता साधा त्रैराशिकाचा हिशेब करा. पाच घरे अंतर, खेळीला तीन घरे. म्हणजे पायदळाला सुमारे पंचवीस मिनिटे तोफांच्या तोंडी चालावे लागते, आणि त्या काळात त्याच्या बंदुकीचा काही उपयोग नाही. आपल्या तोफांचा आधार घ्यावा तर त्या ओढणारे बैल माऱ्यात मरतात. वेलस्लीचे तसेच झाले. तोफा मागे टाकून त्याला पायदळ पुढे न्यावे लागले. पुस्तकात "जोराच्या माऱ्यात पलटणी पुढे गेल्या" असे एक वाक्य असते आणि आपण ते एका श्वासात वाचून पुढे जातो. बटण एक एक घर सरकवीत गेलो म्हणजे त्या वाक्याची लांबी कळते.

तिसरा प्रश्न: किती माणसे?

येथे आमच्या धंद्यातला अनुभव मला उपयोगी पडला. कारखान्याच्या हजेरीपटावर शंभर नावे असली तरी खात्यात साचापाशी उभी राहिलेली माणसे सत्तरच असतात. कोणी आजारी, कोणी रजेवर, कोणी दुसऱ्या खात्यात नेलेला. सैन्याचेही तसेच. वेलस्लीची फौज किती, असे विचारले तर एका पुस्तकात साडेचार हजार सापडते, दुसऱ्यात सात हजार, तिसऱ्यात साडेनऊ हजार. लेखक खोटे बोलत नाहीत. एकाने फक्त प्रत्यक्ष भिडलेले पायदळ आणि घोडदळ धरले, तर दुसऱ्याने म्हैसूरचे आणि पेशव्यांचे साहाय्यक घोडदळही मिळविले. हे घोडदळ केळणेच्या दक्षिणेलाच राहिले. म्हणून आकडा वाचला की विचारावे: हा हजेरीपटाचा आकडा की खात्यावरचा?

समोरच्या बाजूचेही तेच. सुमारे अकरा हजार कवायती पायदळ, शंभराहून अधिक तोफा, आणि तीस ते चाळीस हजार घोडेस्वार. माझ्या पहिल्या डावात मी हे आकडे जसेच्या तसे घेतले. परिणाम असा झाला की, चाळीस हजार घोडेस्वारांनी वेलस्लीला अर्ध्या तासात नदीत बुडविले. मुले टाळ्या वाजवून हसली. मी मात्र घरी जाऊन पुस्तक पुन्हा उघडले, कारण चूक आकड्यात नव्हती. चूक अशी होती की, ते घोडेस्वार कोणाचे आणि कोणासाठी लढणार हे मी विचारलेच नव्हते.

चौथा प्रश्न: कोणाला काय हवे होते?

मराठ्यांची बाजू मी एका खेळाडूकडे दिली होती. ती मी तिघांकडे दिली: शिंदे, भोसले आणि पोलमन. प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी दिली. पोलमनला सांगितले, तोफा आणि पलटणी राख. शिंदे व भोसले यांना सांगितले, लढाई जिंकावयाची आहेच, पण तुमचे राज्य तुमच्या घोडेस्वारांवर उभे आहे. डावाच्या शेवटी जितके स्वार शिल्लक राहतील तितके गुण तुमचे. मग आणखी काही करावे लागले नाही. भोसल्यांच्या जागी बसलेला आमचा एक तरुण फिटर हाताची घडी घालून बसला. पोलमन झालेला मुलगा ओरडू लागला, "अरे, घोडे पाठव!" त्यावर हा म्हणतो, "काका, याच्या तोफांसाठी माझी माणसे मी का मारू?"

प्रत्यक्ष लढाईतही बहुतेक घोडदळ बाजूलाच राहिले. जुनी इंग्रजी पुस्तके हे भ्याडपणाचे लक्षण म्हणून सांगतात आणि आपल्याकडची काही पुस्तके फितुरीचे म्हणून. त्या फिटरने दोन्ही उत्तरांखेरीज तिसरे उत्तर दिले. तो भ्याला नव्हता, फितूरही झाला नव्हता. त्याच्यापुढे जो हिशेब ठेवला होता त्याप्रमाणे तो शहाणपणानेच वागला. दोष हिशेबाच्या मांडणीत होता, म्हणजे एका ध्येयासाठी एकत्र आलेल्या पण नफातोटा वेगवेगळा असलेल्या मंडळींच्या आघाडीत होता. दोनतीन संघटनांनी मिळून चालविलेला लढा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना यावर अधिक सांगण्याची गरज नाही. असेच घडले असे मी ठामपणे म्हणत नाही. डाव पुरावा देत नाही. पण पुस्तकाला कोणता नवा प्रश्न विचारावा हे तो दाखवितो.

पाचवा प्रश्न: माणसे कशी होती?

सारख्याच संख्येच्या दोन पलटणी सारख्या नसतात. म्हणून प्रत्येक बटणाला संख्येबरोबर 'दम' म्हणून एक अंक द्यावा लागतो. हा अंक लेखकाच्या विशेषणांवरून देऊ नये, कृत्यावरून द्यावा. इंग्रज लेखक एतद्देशीय फौजेला सहज 'जमाव' म्हणतात. पण पोलमनने काय केले ते पाहा. शत्रू बगलेवर येत आहे असे दिसताच एवढी मोठी रांग, तोफांसह, काटकोनात वळवून त्याने नव्या बाजूला तोंड केले. कवायत शिकलेल्यांना विचारा, हे किती कठीण असते. वेलस्लीने ही गोष्ट गृहीत धरली नव्हती. पुढे इंग्रजी पलटणी तोफांवरून पुढे गेल्यावर, मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून इंग्रजांवर डागल्या. त्या पुन्हा घेण्यासाठी वेलस्लीला ७८ वी पलटण आणि एक घोडदळाचे पथक घेऊन मागे फिरावे लागले. जमाव असे करीत नाही. रँडॉल्फ कूपर या अभ्यासकाने २००३ साली या मोहिमांवर मोठा ग्रंथ लिहून मराठ्यांच्या कवायती पायदळाची आणि तोफखान्याची योग्यता दाखवून दिली आहे. माझ्या डावात गोलंदाजांचा दम सर्वांत वरचा आहे.

याच ग्रंथाने दुसरीकडेही माझे लक्ष वेधले. युद्धाच्या आरंभीच गव्हर्नर-जनरलने, म्हणजे वेलस्लीच्या थोरल्या भावाने, जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतील युरोपीय अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याबद्दल मोबदला देऊ केला. बरेच जण निघून गेले. समोरच्यांची माणसे फोडण्याचा हा प्रकार आम्हा कामगारांना चांगलाच परिचित आहे. माझ्या डावात म्हणून काही पलटणींपाशी अधिकारी कमी आहेत. रांग एकदा मोडली की पुन्हा सावरावयास त्यांना एक खेळी जास्त लागते.

सहावा प्रश्न: त्या वेळी कोणाला काय माहीत होते?

हा प्रश्न सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. पुस्तक वाचलेल्या माणसाला सगळेच ठाऊक असते. वेलस्लीला ते ठाऊक नव्हते. त्याला खबर होती की, घोडदळ निघून गेले आहे आणि पायदळ निघण्याच्या बेतात आहे. टेकाडावर येऊन पाहतो तो सगळी फौज समोर! आता नदी कोठे ओलांडावयाची? वाटाडे म्हणाले, जवळपास उतार नाही. त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्याने मनाशी म्हटले, इतकी जवळ दोन गावे वसतात, त्याअर्थी त्यांचे जाणेयेणे असणारच, म्हणजे उतार असलाच पाहिजे. आणि तो होता. पुढे आयुष्यभर त्याला या निष्कर्षाचा अभिमान वाटे.

माझ्या डावात पुस्तक वाचलेला मुलगा मुकाट्याने उताराकडेच जाई. तेव्हा त्याने वेलस्लीची नक्कल केली, विचार केला नाही. यावर मी असा तोडगा काढला. गावांची नावे काढून टाकली आणि नकाशा फिरविला. डावाच्या आरंभी पंच डब्यातून गुपचूप एक चिठ्ठी काढतो. उतार आहे की नाही हे तिच्यावर लिहिलेले असते. सहापैकी चार चिठ्ठ्यांवर 'आहे' आणि दोनवर 'नाही'. आता खेळाडूला समोरासमोरची दोन गावे पाहून स्वतः तर्क करावा लागतो, आणि तर्क बरोबर असूनही दोनदा तो फसू शकतो. ज्या दिवशी ही चिठ्ठी आणली त्या दिवशी टेबलाभोवतीची बडबड बंद झाली. मुले नकाशाकडे टक लावून पाहू लागली.

हुकुमांचेही असेच. त्या दिवशी ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्याला असईच्या तोफांपासून दूर राहावयास सांगितले होते; तो सरळ गावाच्या रोखाने गेला, त्याच्यामागून ७४ वी पलटण गेली आणि तेथे तिची फार मोठी हानी झाली. मॅक्सवेलच्या घोडदळाने धाव घेतली म्हणून ती वाचली. मॅक्सवेल पुढे त्याच दिवशी पडला. डावात ही चूक मुद्दाम घडवून आणावयाची काय? मुळीच नाही. हुकूम लिहून द्यावयाचा आणि फासा टाकावयाचा; एक पडला तर हुकूम चुकीचा समजला गेला. मग ऑरॉक कोणाच्याही फौजेत निघू शकतो.

पंच आणि पुस्तके, दोघांवर नजर

हे सगळे पंचाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. याचे एक गाजलेले उदाहरण असईपासून फार दूरचे, प्रशांत महासागरातले आहे. १९४२ च्या मे महिन्यात जपानी नौदलाने मिडवे बेटावरील मोहिमेचा आधी खेळ करून पाहिला. मित्सुओ फुचिदा या वैमानिक अधिकाऱ्याने पुढे आपल्या पुस्तकात लिहिले की, खेळात जपानी विमानवाहू जहाजांवर नऊ बॉम्ब पडल्याचे फाशांनी ठरले, तेव्हा उगाकी या वरिष्ठ अधिकाऱ्याने ते नऊचे तीन करावयास लावले आणि बुडालेले एक जहाज पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागले. ४ जूनच्या खऱ्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजे गेली. समुद्राला कोणाचा वरिष्ठपणा कळत नाही.

पण गंमत पुढेच आहे. याच फुचिदाने लिहिले होते की, आणखी पाच मिनिटे मिळती तर जपानी विमाने हल्ल्यासाठी उडाली असती. अनेक वर्षे सर्वांनी हे खरे मानले आणि त्यावर खेळ रचले. पार्शल आणि टली या दोघांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जपानी जहाजांच्या नोंदी तपासून दाखविले की, विमाने त्या वेळी उड्डाणाच्या तयारीत नव्हतीच. म्हणजे एका माणसाच्या आठवणीवर उभारलेला डाव कोसळला. धडा असा की, एका पुस्तकावर डाव मांडू नये. निदान दोन घ्यावीत, आणि शक्य तर दोन्ही बाजूंची. असईसाठी ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास आहे, गरवुडने छापलेली वेलस्लीची पत्रे आहेत, अलीकडचे अभ्यास आहेत. पत्रांत बैल, तांदूळ आणि बंजारे यांची काळजी पाहिली म्हणजे मोहीम कशावर चालते ते समजते. पण लक्षात ठेवा, जिंकणाऱ्याची पत्रे ग्रंथरूपाने छापली गेली. हरणाऱ्या गोलंदाजांनी लिहिलेले आपल्या हाती फारसे आलेले नाही. डावात त्यांची बाजू मांडताना म्हणून जास्त सावध राहावे.

डाव तयार झाला की तो पुन्हा पुन्हा खेळून पाहावा. प्रत्येक वेळी इतिहासातलाच निकाल लागला तर तो खेळ नव्हे, ते नाटक झाले. कधीच तो निकाल लागला नाही, तर नियम तपासावेत. आणि कधी हा, कधी तो असे होऊ लागले म्हणजे समजावे की, आपण लढाईच्या जवळपास पोहोचलो. आमच्या टेबलावर वेलस्ली कित्येकदा हरला आहे.

एक आक्षेप आणि एक आठवण

कोणी म्हणेल, माणसे मेली त्याचा खेळ करणे शोभते काय? हा आक्षेप मी उडवून लावीत नाही. युद्धाच्या कथा दुरून रम्य वाटतात, हे आपल्याकडे पूर्वीपासून म्हणत आले आहेत. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. डाव संपला की बटणे डब्यात भरण्यापूर्वी मी दोन आकडे मोठ्याने वाचतो. इंग्रजांकडील मेलेले ४२८, जखमी १,१३८, बेपत्ता १८. मराठ्यांकडील मेलेले व जखमी मिळून सहा हजारांच्या आसपास, अंदाजे. पहिल्यांदा वाचले तेव्हा त्या फिटरने विचारले, "काका, त्यांचे अठरा बेपत्तासुद्धा मोजले आणि आपले अंदाजे?" मला उत्तर सुचले नाही. पण हा प्रश्न त्याला कोणत्याही धड्यातून पडला नसता.

आता आठवण सांगून संपवितो. माझे वडील मुंबईच्या गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मी तेव्हा अकरा वर्षांचा. संपाचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच त्यानंतर जो तो शहाणा झाला. लग्नात, बारशात, चहाच्या टपरीवर लोक वडिलांना सांगत, "हे हरणार हे पहिल्या दिवसापासून दिसत होते." वडील ऐकून घेत. एकदाच ते मला म्हणाले, "बाळ, पहिल्या दिवशी आम्हांला काय दिसत होते ते कोणी विचारत नाही."

तो प्रश्न कसा विचारावा हे मला पुष्कळ वर्षांनी या खेळाने शिकविले. निर्णयाच्या क्षणी जाऊन उभे राहा. नंतरची पाने मिटवा. त्या माणसापाशी कोणती खबर होती, किती माणसे खरोखर उभी होती, सोबत्यांना काय हवे होते आणि पुढे किती वाटा होत्या, हे एका कागदावर मांडा. मग त्याला चूक म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणा. चुका होतातच, आणि त्या दाखविल्याही पाहिजेत. आम्ही आमच्या संघटनेच्या चुका याच टेबलावर मांडून पाहतो. पण हरलेल्याला मूर्ख आणि जिंकलेल्याला सर्वज्ञ ठरविण्याआधी त्याच्या जागी बसून एक डाव तरी खेळावा, एवढे आपण इतिहासातल्या माणसांचे देणे लागतो. त्यांत गोलंदाज आले, घोडेस्वार आले आणि साच्यावरचे कामगारही आले.

यासाठी लागणारे साहित्य महाग नाही. वाचनालयाची दोन पुस्तके, खडू, दोन फासे आणि मूठभर बटणे. टेबल नसेल तर जमीन चालते.